शाहू महाराजांनी शिकारीसाठी राखलेलं राधानगरीचं जंगल दुर्मीळ वनस्पतींचा आसरा कसं बनलं?

राधानगरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक म्हणजे धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि दुसरी म्हणजे दाजीपूरचा गवा. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाज्यांचे व्हिडिओ फिरतात आणि उन्हाळ्यात रस्त्यावर आलेल्या गव्याचे.

पण या जंगलाचं खरं वैभव पायाखाली आणि डोक्यावर आहे. ते म्हणजे इथल्या वनस्पती. पश्चिम घाटाला 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. तेव्हा इथे जागतिक पातळीवर धोक्यात असलेल्या 325 प्रजाती असल्याची नोंद झाली. त्यातल्या 229 प्रजाती वनस्पतींच्या होत्या. म्हणजे दर दहापैकी सात. त्या वारसा यादीत महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

गंमत अशी की राधानगरीचं जंगल कुणी वनस्पतींसाठी राखलंच नव्हतं. ते राखलं गेलं पाण्यासाठी आणि शिकारीसाठी. राखणारे होते कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज.

आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, माणगावची परिषद यांमुळे शाहू महाराज आपल्याला माहीत आहेत. या लेखात आपण त्यांच्या आयुष्याकडे जमिनीच्या अंगाने बघणार आहोत. कोणती जमीन पाण्याखाली घालायची, कोणती लागवडीखाली आणायची आणि कोणती तशीच सोडायची, हे त्यांनी कसं ठरवलं? आणि त्या निर्णयांचा आजच्या धोक्यातल्या वनस्पतींशी काय संबंध आहे?

कागलचा यशवंत

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यात, लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. त्यांचं मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव घाटगे, म्हणजे आप्पासाहेब, कागलचे जहागीरदार होते. आई राधाबाई मुधोळच्या राजघराण्यातल्या.

आई गेली तेव्हा यशवंत अवघ्या तीन वर्षांचा होता. वडील गेले तेव्हा बारा वर्षांचाही झाला नव्हता.

त्याआधीच त्याचं आयुष्य बदललेलं होतं. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत मृत्यू झाला. गादीला वारस नव्हता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 17 मार्च 1884 रोजी कागलच्या यशवंतला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव शाहू झालं.

पुढची दहा वर्षं शिक्षणात गेली. आधी राजकोटचं राजकुमार कॉलेज आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अभ्यास. फ्रेझरने पुस्तकांबरोबरच देशाचा मोठा दौराही घडवला. 2 एप्रिल 1894 रोजी शाहूंनी कारभार हाती घेतला तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते.

हातात आलेलं संस्थान भूगोलाच्या दृष्टीने अजब होतं. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, तिथे पावसाचा धुमाकूळ. पूर्वेकडे सरकत गेलं की पाऊस कमी होत जातो आणि शिरोळच्या पलीकडे तर दुष्काळी मुलखाची चाहूल लागते. एकाच राज्यात एका टोकाला पाणी वाहून जातंय आणि दुसऱ्या टोकाला विहिरी आटताहेत, अशी स्थिती.

दुष्काळाने शिकवलेला हिशेब

कारभार हाती घेऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच 1896-97 चा दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेग आला. 1899-1900 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. शाहूंनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, दुष्काळी कामं सुरू केली, गुरांसाठी छावण्या उघडल्या.

पण दरवेळी धान्य वाटून भागणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी अडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

1902 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठं ठरलं. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखण्याचा जाहीरनामा निघाला. याच वर्षी संस्थानचं पाटबंधाऱ्यांचं धोरणही ठरलं. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला आणि गावोगावच्या विहिरी-तलावांची पाहणी सुरू झाली. कुठे काय आहे, कशाची दुरुस्ती लागेल, नवं कुठे बांधता येईल, याची नोंद करायची हा त्यामागचा उद्देश होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आज आपण ज्याला संवर्धनाचा नकाशा म्हणतो, त्याची पहिली पायरी हीच असते. आधी जमिनीवर काय आहे ते मोजायचं, मग काय राखायचं ते ठरवायचं. शाहूंनी ती पायरी पाण्यासाठी ओलांडली होती.

भोगावतीवर धरण, कन्येच्या नावाचं गाव

पाहणीतून उत्तर मिळालं ते पश्चिमेकडे. फोंडा घाटाच्या अलीकडे, सह्याद्रीच्या कुशीत भोगावती नदी उगम पावते. पुढे ती कुंभी, कासारी, तुळशी यांच्याबरोबर पंचगंगा होऊन कोल्हापूर शहराजवळून वाहते. भोगावती वरच्या अंगाला अडवली तर उन्हाळ्यातही खाली पाणी सोडता येईल, असा विचार पुढे आला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस धरणाचं काम सुरू झालं. संस्थानचे अभियंते दाजीराव विचारे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं. जवळच वसवलेल्या पेठेला शाहूंनी आपली कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, यांचं नाव दिलं. तीच आजची राधानगरी. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हणतात.

त्या काळात एवढं मोठं धरण स्वतःच्या तिजोरीतून बांधायला घेणं हे एका संस्थानासाठी धाडस होतं. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. धरण बांधलं की धरणाच्या वरचं रान सांभाळावं लागतं. डोंगर उघडे पडले तर पहिल्याच पावसात माती वाहून तलावात येते. त्यामुळे लक्ष्मी तलावाच्या वरच्या अंगाचं जंगल टिकणं ही पुढे धरणाचीही गरज झाली.

अर्थात धरणाने खोऱ्याचा एक भाग पाण्याखालीही घातला. नदीकाठची शेतं गेली, तशीच नदीकाठची झाडंही गेली. धरण आणि जंगल यांचं नातं असं दुहेरी असतं. खालचं बुडतं आणि वरचं राखलं जातं.

शिकारी राजा आणि राखीव रान

शाहू महाराज पट्टीचे शिकारी होते. ही गोष्ट झाकून त्यांचं चरित्र सांगता येत नाही. त्यांच्या पदरी शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते आणि त्यांच्याकरवी काळविटांची शिकार चाले. हत्ती होते, साठमारी होती. राधानगरीत हत्तीमहाल उभा राहिला. लक्ष्मी तलावातला बेनझीर व्हिला हा त्यांचा बंगला पाणी ओसरलं की आजही उघडा पडतो.

दाजीपूरचं घनदाट रान हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं जंगल होतं. राखीव याचा अर्थ सोपा आहे. तिथे इतरांना शिकार करता येत नाही आणि वाटेल तशी झाडंही तोडता येत नाहीत. कारण रान विरळ झालं की जनावर थांबत नाही.

या राखण्याची किंमत कुणी मोजली, हाही प्रश्न विचारायला हवा. राखीव जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसासाठी ही रेषा म्हणजे लाकूडफाटा, चराई आणि मध यांच्यावरचं बंधन असते. रानडुक्कर शेतात शिरलं तरी हात बांधलेले असतात. देशभरातल्या संस्थानी शिकारखान्यांची ही दुसरी बाजू आहे.

मात्र शाहूंचं रानातल्या माणसांशी असलेलं नातं एकरेषी नव्हतं. इंग्रजी राज्यात गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या परिसरात आसरा आणि काम दिलं. काही जमातींवर लादलेली रोजची हजेरी त्यांनी आपल्या राज्यात बंद केली. ज्यांना बाकीचे चोर म्हणत होते, त्यांच्या रानाच्या ज्ञानावर हा राजा विश्वास टाकत होता.

दुसरीकडे, सगळंच डोंगरी रान तसंच ठेवावं असंही त्यांचं मत नव्हतं. पन्हाळ्याच्या परिसरात त्यांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. पन्हाळ्याचा चहा हा त्यांच्या उद्यमशीलतेचा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. म्हणजे एकाच राजाने एका डोंगरावर परदेशी पीक आणून पाहिलं आणि दुसऱ्या डोंगरावर रान उभं ठेवलं. दुसरा निर्णय त्यांनी वनस्पतींचा विचार करून घेतला असं म्हणायला आधार नाही. पण त्याचा फायदा वनस्पतींना झाला.

त्याच काळात झाडांची यादी लिहिली जात होती

शाहूंच्या कारकिर्दीत आणखी एक काम सुरू होतं, ते मात्र हजारो मैल दूर. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक निवृत्तीनंतर इंग्लंडमधल्या क्यू उद्यानात बसून मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहीत होते. ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा तो ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला.

कोणतं झाड, कसं दिसतं, कधी फुलतं आणि कुठे सापडलं, अशी माहिती त्यात आहे. आजही महाराष्ट्रातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी हा ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे जात नाही. कारण एखादी वनस्पती कमी झाली हे सांगायला ती पूर्वी कुठे होती हे ठाऊक असावं लागतं.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन कामं समांतर चालू होती. एकीकडे कोल्हापुरात जमीन राखली जात होती, तिला वनस्पतींची यादी माहीत नव्हती. दुसरीकडे वनस्पतींची यादी तयार होत होती, तिच्या हातात राखायला जमीन नव्हती. ही दोन कामं एकत्र यायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

1918: अर्धवट धरण आणि मुलाचा मृत्यू

1918 साल शाहूंसाठी कठीण गेलं. महायुद्धाने महागाई वाढली होती. धरणाची भिंत सुमारे 40 फुटांपर्यंत आली आणि पैशांअभावी काम थांबलं. त्या उंचीवरही पाणी साठू लागलं होतं, पण मूळ स्वप्न पुरं व्हायचं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. ज्या शिकारीवर शाहूंचा जीव होता, त्याच शिकारीने तरुण मुलगा नेला. या धक्क्यातून ते पुरते सावरले नाहीत, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

तरीही सामाजिक काम थांबलं नाही. 1917 च्या सुमारास सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची अंमलबजावणी सुरू झाली होती. मार्च 1920 मध्ये माणगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि शाहू तिथे हजर राहिले. मधुमेह आणि हृदयविकाराने शरीर खचत गेलं. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं 47.

राधानगरीचं धरण पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं नाही. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. पाण्याच्या दाबावर आपोआप उघडणारे सात दरवाजे ही त्याची ओळख बनली.

संस्थान गेलं, रेषा राहिली

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानं गेल्यावर देशातल्या अनेक शिकारी जंगलांवर कुऱ्हाड चालली, कारण राखणारा राजा उरला नाही आणि नवा कायदा अजून आला नव्हता.

दाजीपूर वाचलं. 1958 मध्ये त्याला गव्यांचं अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं अभयारण्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. 1985 मध्ये हद्द वाढवून 351.16 चौरस किलोमीटरचं राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं. त्यात लक्ष्मी तलावाच्या आणि दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाच्या भोवतालचं रान येतं.

शाहूंच्या काळातलं शिकारीचं रान आणि आजचं अभयारण्य यांची हद्द तंतोतंत एक नाही. पण गाभा तोच आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ, नाणा अशा झाडांचं निमसदाहरित आणि पानगळीचं रान, त्यावर चढलेली गारंबी आणि शिकेकाई, खाली कारवी.

तुमच्या लक्षात आलं असेल की 1958 मध्येही नाव गव्याचंच होतं. यात नवल नाही. आपल्या कायद्यानेही बराच काळ प्राण्यांकडेच पाहिलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आलं ते 1991 च्या दुरुस्तीने, आणि तेव्हा संरक्षित वनस्पतींच्या यादीत संपूर्ण देशातून फक्त सहा नावं होती.

वनस्पतींसाठी नकाशा वेगळा का लागतो?

गव्यासाठी जंगल राखलं तर झाडं आपोआप वाचतात, मग वेगळा नकाशा कशाला? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे आकारात.

गव्याला किंवा वाघाला शेकडो चौरस किलोमीटरचं सलग रान लागतं. दुर्मीळ वनस्पतीचं जग मात्र एखाद्या कड्याएवढं, ओढ्याएवढं किंवा सड्याएवढं असतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं पठार. उन्हाळ्यात ते ओसाड माळ वाटतं. पावसाळ्यात त्याच खडकावरच्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी फुलं उमलतात. मातीत पोषण कमी म्हणून त्यातल्या काही वनस्पती कीटक पकडून खातात. झाड दिसत नाही म्हणून सरकारी कागदावर अशी जागा सहज पडीक ठरते.

कंदीलपुष्पाचं उदाहरण घ्या. कंदिलासारखं फूल येणाऱ्या या वेलींच्या अनेक प्रजाती फक्त पश्चिम घाटात सापडतात. त्या उगवतात तुरळक आणि त्यांचे कंद माणसं आणि रानडुकरं दोघंही खातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अशा प्रजाती जपण्याचं मोठं काम झालं आहे. याच विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 2002 मध्ये प्रसिद्ध केला. कुकनंतर सुमारे शंभर वर्षांनी जिल्ह्याला स्वतःची यादी मिळाली.

आता नकाशा कसा बनतो ते पाहू.

पहिलं काम म्हणजे जुन्या नोंदी गोळा करणं. वाळवून जपलेले नमुने, त्यांवरची गावाची नावं आणि तारखा.

दुसरं काम म्हणजे योग्य हंगामात प्रत्यक्ष जाऊन शोधणं. ज्या वेलीला फक्त ऑगस्टमध्ये फूल येतं ती मे महिन्याच्या पाहणीत सापडणार नाही. सापडलेल्या प्रत्येक जागेची जीपीएसवर नोंद होते.

तिसरं काम म्हणजे व्याप्ती मोजणं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, म्हणजे आययूसीएन, यासाठी दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन वापरते. वनस्पती सापडलेले चौकोन मोजायचे. त्यांचं एकूण क्षेत्र 500 चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरलं आणि अधिवासाचे तुकडे पडणं, संख्या घटत जाणं अशा अटीही लागू झाल्या, तर प्रजाती संकटग्रस्त गटात येऊ शकते.

चौथं काम सगळ्यांत अवघड. या ठिपक्यांच्या नकाशावर संरक्षित क्षेत्रांचा नकाशा ठेवायचा आणि कोणते ठिपके हद्दीबाहेर राहिले ते पाहायचं.

हद्दीबाहेरच्या ठिपक्यांचं काय?

राधानगरी तालुक्यातलंच उदाहरण आहे. सड्यांवरच्या जांभ्याखाली बॉक्साइट असतं, ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं. तालुक्यातल्या दुर्गमानवाडीला बॉक्साइटची खाण झाली. सड्याचा वरचा थर एकदा काढला की त्यावरची बोटभर माती आणि तिच्यातलं बी परत आणता येत नाही. नंतर तिथे झाडं लावता येतात, पण सडा तयार करता येत नाही.

दुसरं उदाहरण नरक्याचं. या झाडात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कर्करोगाची औषधं बनतात. मागणी वाढली तशी कोल्हापूरच्या जंगलपट्ट्यात नरक्याची चोरटी तोड झाली. मालाची किंमत मोठी आणि तोडणाऱ्याच्या हातात पडते ती मजुरी. ज्या गावात वर्षभर काम नाही तिथे हा व्यवहार फक्त पहारा वाढवून थांबत नाही.

मग राखायचं कसं? शाहूंच्या हातात एकच साधन होतं, राजाज्ञा. आज साधनं अनेक आहेत.

2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची सोय आली. अभयारण्यांना जोडणारी सरकारी जमीन स्थानिकांशी चर्चा करून अशी राखता येते. 2020 च्या अखेरीपासून विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही नावं या यादीत आली. चांदोलीपासून राधानगरीमार्गे दक्षिणेकडे जाणारा पट्टा सलग राहावा हा त्यामागचा हेतू.

2020 मध्येच राधानगरी अभयारण्याभोवतीचं सुमारे 250 चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालं. तिथे शेती करता येते, पण नव्या खाणींना मनाई आहे.

2002 च्याच जैवविविधता कायद्याने आणखी एक मार्ग दिला, जैविक वारसा स्थळ. याचं सुंदर उदाहरण शेजारच्या सिंधुदुर्गात आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेची मिरिस्टिका दलदल, म्हणजे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दुर्मीळ देवराई, 2021 मध्ये वारसा स्थळ ठरली. तिचं क्षेत्र अडीच हेक्टरच्या थोडंसं पुढे आहे. गव्याच्या दृष्टीने ही जागा म्हणजे एका दुपारचा मुक्काम. पण त्या झाडांसाठी तेच घर आहे आणि गावाने देवाच्या नावाने ते सांभाळलेलं आहे.

याच्या तुलनेत मोठे नकाशे बघा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाची विभागणी सुमारे नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरच्या चौकोनांत केली. 2013 च्या कस्तुरीरंगन समितीने गाव हे एकक धरलं. त्यावर मसुद्यामागून मसुदे निघाले, सहावा मसुदा 2024 च्या जुलै अखेरीस. एवढ्या मोठ्या मापाने प्रदेशाचं धोरण ठरतं. पण अडीच हेक्टरची दलदल किंवा एका सड्यावरची वेल त्या मापात दिसत नाही. तिच्यासाठी गावपातळीवरचा बारीक नकाशाच लागतो.

शाहूंच्या राधानगरीतून आज काय घ्यायचं?

शाहू महाराजांना वनस्पती संवर्धक ठरवायची गरज नाही. ते त्यांच्या काळाचे राजे होते आणि शिकार हा त्यांचा छंद होता. पण त्यांच्या आयुष्यातून जमिनीबद्दलच्या दोन ठोस गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे राखलेल्या जागेचा फायदा कुणाला होईल हे राखणाऱ्याला माहीत असतंच असं नाही. नरक्यातलं कॅम्पटोथेसिन शाहूंच्या काळात कुणाला ठाऊक नव्हतं. रान उभं राहिलं म्हणून ते झाड नंतरच्या पिढीला तपासता आलं.

दुसरी गोष्ट पाहणीची. पाण्याचं धोरण ठरवताना त्यांनी आधी संस्थानातल्या विहिरी-तलावांची नोंद करायला घेतली. आज प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी कायद्यात सोय आहे. आपल्या गावच्या सड्यावर काय फुलतं, कोणत्या ओढ्याकाठी कोणती वेल आहे, कोणतं झाड आजोबांच्या काळात होतं आणि आता नाही, हे त्या वहीत यायला हवं. धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते उपग्रहाला दिसत नाही.

तुमच्या गावच्या नोंदवहीत काय लिहिलंय हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येतं. सड्यावरच्या फुलांची पानं त्यात कोरी असतील, तर ती भरायला पावसाळ्यातले जेमतेम तीन महिने मिळतात.